एकाच हातात दोन बिल्ले

१६ नोव्हेंबर १९९३, मंगळवार

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. दिवाळीआधीपासून वही उघडलेली नाही. शेजाऱ्यांकडून फराळाची ताटं आली आणि माझं पोट बिघडलं. मग चष्म्याची काडी मोडली. आज ती दोऱ्याने बांधून बसलोय, कारण आज लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

येत्या अठ्ठावीसला प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस. म्हणून बिल्ले वाटायला काढले. आमच्या प्रेसबिटेरियन मंडळीत ही स्कॉच मिशनरी साहेबांच्या वेळची रीत, बाकी ठिकाणी बंद पडली म्हणतात. मंडळीच्या प्रत्येक वडिलाने, म्हणजे मंडळीने नेमलेल्या कारभाऱ्याने, आपल्या भागातल्या घरोघरी जायचं, विचारपूस करायची, प्रार्थना करायची आणि शिशाचा बिल्ला द्यायचा. रविवारी देवळात तो ताटात टाकला की प्रभूच्या मेजावर बसता येतं. कुटुंब असेल तर सगळ्यांचे बिल्ले एकाच हातात, ज्याच्या हाती घर त्याच्या. भाडेकरू असेल, एकटा असेल, तर त्याचा त्याला. मी वडील आहे, सातवी नापास असून. अजून भीती वाटते की कोणी येऊन म्हणेल, चूक झाली, उतरा खाली.

माझा भाग ठाकुर्ली. तिथे प्रमोदिनी आणि रतन राहतात. प्रमोदिनी नर्स आहे, देवळात हार्मोनियम वाजवते. रतन टायपिंगच्या क्लासात शिकवते. एका खोलीत बरीच वर्षं एकत्र. मंडळीत सगळे मैत्रिणी म्हणतात, मीही म्हणतो. दरवेळी दोघी उठून उभ्या राहतात, दोन हात पुढे करतात, आणि मी एकेक बिल्ला ठेवतो, भाडेकरूंना देतात तसा.

आज रतन मोरीत बोंबील साफ करत होती, हात मनगटापर्यंत भरलेले. मी म्हटलं, 'राहू दे गं, उठू नकोस,' आणि दोन्ही बिल्ले प्रमोदिनीच्या तळहातावर ठेवले. ठेवले आणि सवयीने, कुटुंबांकडे म्हणतो तसं, तोंडातून निघालं, 'या घराला मेजाचं आमंत्रण आहे.'

रतनने नळ बंद केला आणि रडायला लागली. प्रमोदिनीने मूठ मिटली ती उघडेना.

'काही वाईट खबर आहे का?' मी विचारलं.

'नाही मामा. बोंबील खाऊन जा.'

मी पोटाचं कारण सांगितलं आणि निघालो. रेल्वेच्या फाटकापाशी आलो तेव्हा डोक्यात उजेड पडला, दोन्ही बिल्ले एका हातात म्हणजे त्या दोघींना कुटुंब मानलं, आणि रडणं त्याचंच. फाटक बंद होतं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, लोक गेले, तरी मी उभाच. मग घरी आलो.

१७ नोव्हेंबर

दिवसभर काही झालं नाही. कोणाला कळलं नसेल. बरं आहे.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

कळलं. सगळ्यांना कळलं. आणि सांगितलं कोणी, तर प्रमोदिनीनेच!

दुपारी विमलाबाई आल्या. देवळातली गाणी त्याच बसवतात. दारातूनच म्हणाल्या, 'सहदेवभाऊ, तुम्ही म्हणे त्या दोघींचं घर मानलंत.'

'कोणाचं?' मी म्हटलं.

'सोंग नको. पोरगी हार्मोनियमवरून उठून म्हणाली, बाई, मामांनी आमच्या खोलीला घर म्हटलं. मी म्हटलं, अगं खोली ती खोली, त्यात काय एवढं. तर म्हणते, तसं नाही बाई, नवराबायकोचं असतं तसं घर आहे आमचं, आज लपवावंसं वाटत नाही. माझ्या तोंडावर म्हणाली.'

'मग तुम्ही काय केलंत?' आतून आमच्या हिने, रंगूबाईने, विचारलं.

'काय करणार? सराव पुढे चालू केला. नाताळाची गाणी अजून बसायचीयत.'

त्या गेल्यावर मी खाटेवर बसलो. गंमत अशी की नुसती भीती वाटत नव्हती. लहानपणी जत्रेत पाळणा वर जाताना व्हायचं तसं काहीतरी.

रंगू म्हणाली, 'तुम्हांला खरंच माहीत नव्हतं?'

'काय?'

'पलंग एकच आहे त्यांच्याकडे.'

'मग मला सांगायचं नाहीस?'

'तुम्हांला काही सांगितलं की तुम्ही डॉक्टरकडे जाता.'

२१ नोव्हेंबर, रविवार

उपासना झाली आणि चपला शोधत होतो, तर तानाजीने कोपर धरलं. तानाजी मोहने गावाच्या भागाचा वडील. कारखान्यात आम्ही एकाच पाळीला, डबे एकत्र उघडलेले. शास्त्र त्याला तोंडपाठ, मला अर्धंमुर्धं.

'सहदेव, बिल्ले परत आण.'

'दिलेला बिल्ला कसा आणू?'

'चुकून दिलास ना? मग चूक झाली म्हण आणि मोकळा हो. आज दोन बाया, उद्या कोण येईल हात पसरून, ठाऊक आहे?'

आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागलं. लोक बघत होते. एकाने विचारलं, 'मामा, आता लग्नंही लावणार का?' हसले सगळे. मीही हसलो थोडा, मग वाईट वाटलं.

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी जाहीर केलं, शुक्रवारी सेशन. म्हणजे पाळक आणि आम्ही सगळे वडील. विषय सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती.

आल्यापासून घरात फेऱ्या घालतोय. रंगू म्हणते, फरशी झिजेल.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

पाळकसाहेब स्वतः घरी आले. उत्तमराव नाव, वयाने अगदी कोवळे, पण बोलताना शब्द जपून टाकतात.

'सहदेवमामा, घाबरू नका. मी एकच प्रश्न विचारणार आहे. दोन्ही बिल्ले एका हातात दिलेत ते चुकून की समजून? चुकून म्हणालात तर परत मागवू आणि दोघींना वेगवेगळे देऊ. सगळं पूर्वीसारखं होईल. समजून म्हणालात तर वडिलाने दिलेला बिल्ला मला काढून घेता येत नाही. हरकत घ्यायची तर दोघांनी साक्षीदार म्हणून उभं राहावं, नाव सांगून, तोंडावर.'

'तुम्हांला काय वाटतं, साहेब?'

'ते सांगितलं तर शुक्रवारी तुम्ही माझं उत्तर द्याल.'

चहा घेतला नाही. मी आणखी घाबरलो. चहा न घेता गेलेला माणूस काहीतरी मनात ठेवून जातो.

आता अडचण लिहून ठेवतो. दिले ते चुकूनच! रतनचे हात बोंबलाने भरलेले, म्हणून दिले. समजून म्हणालो तर सेशनमध्ये, प्रार्थना करून बसल्यावर, खोटं बोललो. चुकून म्हणालो तर खरं बोललो आणि त्या मिटलेल्या मुठीतून बिल्ले काढायला मलाच जावं लागणार.

रंगूला विचारलं. ती म्हणाली, 'मला विचारू नका, मी वडील नाही.' मग भाजी चिरता चिरता म्हणाली, 'पण तुम्ही बिल्ले मागायला जाणार असाल तर जेवायला इकडे येऊ नका.'

२४ नोव्हेंबर, बुधवार

ठाकुर्लीला जाऊन आलो. मनात होतं, त्यांनाच खरं सांगून टाकावं.

दार रतनने उघडलं. 'परत न्यायला आलात?'

'नाही गं. बसू दे आधी.'

प्रमोदिनी रात्रपाळी करून आलेली, केस ओले. मी पाणी प्यालो आणि एका दमात सांगितलं की पोरींनो, मी काही थोर माणूस नाही, मला कळलंच नव्हतं, ते चुकून झालं, आता शुक्रवारी विचारणार आहेत आणि मला खोटं बोलता येत नाही.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं आता शिव्या बसणार.

'आम्हांला ठाऊक आहे मामा,' प्रमोदिनी म्हणाली. 'खिडकीतून फाटक दिसतं. तुम्ही तिथे उभे राहिलात तेव्हाच मी रतनला म्हटलं, आता कळलं त्यांना, आता मागे फिरतील. गाडी गेली, फाटक उघडलं. आम्ही श्वास धरून बघत होतो. तुम्ही नाही फिरलात.'

मला तर वाटलेलं मला कोणी पाहिलंच नाही.

रतन म्हणाली, 'एक सांगते, राग मानू नका. आता पुन्हा वेगवेगळे हात पुढे करणार नाही आम्ही. तसे द्यायचे असतील तर नको. हिची हार्मोनियमही नको मग. दुसरीकडे कुठे जाऊ ते माहीत नाही, पण भाडेकरू म्हणून देवळात नाही बसणार.'

'अगं रतन, माझ्या आजीचा बाप्तिस्मा याच देवळात झालेला,' प्रमोदिनी हळूच म्हणाली.

'म्हणूनच म्हणते.'

येताना पाय भराभर पडत होते. घरी कधी आलो कळलं नाही. रंगूने विचारलं, 'काय झालं?' मी म्हटलं, 'अजून काही नाही.' पण तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार, तिने मला जास्तीची भाकरी वाढली.

२५ नोव्हेंबर

भूक नाही. उद्या घसा बसला तर काय? खडीसाखर आणून ठेवली.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्र फार झाली. तरी आत्ताच लिहितो.

प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी विचारलं, 'सहदेवराव, चुकून की समजून?'

मी उभा राहिलो. बसून बोललो असतो तरी चाललं असतं. खडीसाखर गालात राहिलेली, ती गिळली. म्हटलं, 'देताना चुकून दिले. फाटकापासून समजून.'

'म्हणजे?' तानाजी म्हणाला. 'वकिली नको. एक काय ते सांग.'

'तानाजी, फाटकात उभा होतो तेव्हा मला कळलेलं होतं. परत जाऊन मागता आले असते. दहा पावलांवर दार होतं. नाही मागितले. मग ते दिलेलेच झाले ना? इतकी वर्षं मी त्या दारात जातोय. आजाऱ्याची चौकशी असो, प्रार्थना असो, त्या दोघी एकमेकींची काळजी घेतात तशी माझ्या भागात किती घरं घेतात, मला विचारा. मला शास्त्र तुझ्याइतकं येत नाही. पण घर मला ओळखता येतं. तेवढ्यासाठीच तर तुम्ही मला घरोघर पाठवता.'

एवढं मी आयुष्यात सेशनमध्ये बोललो नव्हतो. मग बसलो.

पाळकसाहेब म्हणाले, 'ज्यांची हरकत आहे त्यांनी साक्षीदार म्हणून उभं राहावं. दोघे लागतील.'

तानाजी उभा राहिला. एकटा. त्याने टेबलाभोवती नजर फिरवली. त्याच्या शेजारचे वडील चांगदेवराव पंख्याकडे बघत बसले. आणखी एकाने रुमालाने चष्मा पुसला, पुसतच राहिला. यातले दोघे रविवारी चपलांपाशी मोठ्याने हसत होते, मी ओळखले. पण नाव सांगून, तोंडावर, कोणी उठेना.

'दुसरं कोणी?' पाळकसाहेबांनी विचारलं. मग परत विचारलं.

तानाजी खाली बसला. बसताना खुर्चीचा हात धरावा लागला त्याला.

बिल्ले राहिले! मी रिक्षा केली, मी, रिक्षा, आणि थेट ठाकुर्ली. रतन जिन्यातच भेटली. जिना चढून दम लागलेला, नुसती मान हलवली. तर ती उलटं समजली आणि खाली पायरीवर बसली. मग मला ओरडूनच सांगावं लागलं, अख्ख्या चाळीने ऐकलं असेल.

२८ नोव्हेंबर, रविवार. प्रभुभोजन

पहाटेपासून तयार. रंगूने माझा कोट दोनदा झटकला.

मेजावर पांढरी चादर. दोन घरं आली नाहीत, ती कोणाची ते सगळ्यांना ठाऊक. ताट माझ्या हातात. एकेक जण येऊन बिल्ला टाकत होता. प्रमोदिनी आली, मागे रतन. प्रमोदिनीने मूठ उघडली आणि दोन्ही टाकले. मी नीट उभा राहिलो, ताट हलू दिलं नाही.

मेजापाशी बाकावर विमलाबाईंच्या शेजारी जागा होती. त्या हलेनात. सगळं देऊळ बघत होतं. मग म्हणाल्या, 'उभ्या काय राहिलात? सरकते, पण माझ्या पदरावर बसू नका, नवं पातळ आहे.'

भाकर पुढे गेली. रतनने तुकडा मोडून प्रमोदिनीच्या हातात दिला, जशी शेजारच्याला द्यायची रीत आहे तशीच. काही वेगळं नाही. मला तेच फार वाटलं.

तानाजी आला होता. मेजावर बसला नाही. तब्येत बरी नाही म्हणाला आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून बसला.

१ डिसेंबर, बुधवार

सकाळी तानाजी आला. मला वाटलं भांडायला. चपला काढून हातात धरलेल्या, दाराबाहेर ठेवायचं भान नाही.

त्याचा थोरला शांतवन बडोद्याला असतो. नोकरी आहे, घरी येत नाही, एवढंच आम्हांला माहीत.

'तिथे एकजण आहे त्याच्यासोबत,' तानाजी म्हणाला. 'मागे दोघे आले होते, प्रभुभोजनाला. मी त्यांना बिल्ला दिला नाही, सहदेव. माझाच भाग, माझाच मुलगा. दारातून परत पाठवले.' मग हातातल्या चपला खाली ठेवल्या. 'माझं पत्र तो फोडत नाही. तू लिही. म्हणावं, बापाच्या हातून नको तर सहदेवच्या हातून घे.'

'एक बिल्ला की...'

'दोन. एकाच हातात दे.'

रंगूने चहा ठेवलाय. तो प्यायला थांबलाय. पत्राआधी शब्द इथे जमवून बघतो.

शांतवन बाळा, पुढचं प्रभुभोजन ईस्टरला आहे. ठाकुर्लीला माझ्या भागात उतरा, तुम्ही दोघे, म्हणजे बिल्ले मला देता येतील. तुझे बाबा आत्ता माझ्या खाटेवर बसलेत आणि काय लिहितोस, काय लिहितोस म्हणून विचारतायत. येता की नाही ते लवकर कळव.