वरवंटा कुठल्या बॅगेत?

मंगळवार, दिवेलागण. नवीन पनवेल.

पार्सल आलं. मानेची उशी तीनशे नव्वद, पायमोजे ऐंशी. "आई, पहिल्यांदाच विमानात बसतेयस, आरामात ये," असं लेकीने बजावलंय. रविवारी बंगळुरूला तिच्या बाळाचं बारसं.

हातातल्या बॅगेत शाल, गोळ्या, उशी भरली आणि वर आमचा वरवंटा, टोपडं घालून. पाळण्याखालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत द्यायला नको? लेकीच्या बारशाला हाच होता. तिच्याकडे नुसता मिक्सर.

हे हसले. "अगं, दगड घेऊन तुला विमानात कोण चढू देईल? मोठ्या बॅगेत टाक."

ती बॅग म्हणे फेकतात. गोपाळाला फेकू द्यायचं? पण कालच ह्याच वरवंट्याने लसणाची चटणी वाटली, तेव्हा कुठे हात जोडले मी? मग हा दगड केव्हा आणि गोपाळ केव्हा? टोपडं काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

शेवटी वरवंटा साडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत, टोपडं माझ्याजवळ. चालेल ना असं? की ही माझ्याच मनाची समजूत? लेकीला मेसेज केलाय: तुझ्या सासूबाईंना विचार आणि लगेच उलट निरोप धाड. तोवर मोठ्या बॅगेची चेन लावत नाही.