गार्ड निवडताना बाळगलेलं मौन

३ फेब्रुवारी
आमच्या बास्केटबॉल टीमच्या मुख्य गार्डचा गुडघा गेला. त्याच्या जागी दोन पोरांपैकी एकाला निवडायचं काम सहायक कोच म्हणून माझ्याकडे. मोठे सर, म्हणजे आमचे हेड कोच, चहा पिता पिता म्हणाले की गेल्या दोन मोसमांत तुम्ही निवडलेले दोन्ही गार्ड ऐन मॅचमध्ये गोंधळले. याही वेळी तसंच झालं तर पुढच्या मोसमात तुम्ही घरी. हसत म्हणाले. मनावर घ्यावं की नाही कळेना. घेतलं.
मुद्दा एकच. पोरगा ऑफेन्स, म्हणजे टीमची चढाई, चालवू शकतो का? शॉट काय, कुणीही मारतं. चेंडू हातात असताना उरलेल्या चौघांना कुठे पळवायचं, हे ज्याला स्वतःच्या डोक्याने ठरवता येतं तो गार्ड.
संकल्प: सराव बघताना तोंडातून शब्द काढायचा नाही. भिंत व्हायचं.

५ फेब्रुवारी, सकाळ
एक पोरगा उंच, एक ठेंगणा. पक्षपात नको म्हणून नावं टाळून लंबू आणि बुटका म्हणणार.
भिंत झालो. पण लंबूसमोर डावा कोपरा इतका मोकळा पडला की तोंडातून ‘डावीकडे!’ निघालं. ती सूचना नव्हती, उद्गार होता. पास गेला, बास्केट झाली. उत्तम निर्णय.
न्याय म्हणून बुटक्यालाही ‘डावीकडे’ म्हणालो. त्याने उजवीकडे दिला. बास्केट झाली, पण नशिबाने.

८ फेब्रुवारी
लंबूची नजर! चेंडू पुढे आणताना मान वर करून सगळं कोर्ट न्याहाळतो, पार मी उभा असतो त्या रेघेपर्यंत. बुटका माझ्या बाजूला कधी बघतसुद्धा नाही. आवाका कमी.
मी लंबूला झुकतं माप तर देत नाही ना? बराच वेळ स्वतःची उलटतपासणी घेतली. उद्या समोरच्या बाजूला उभा राहून खात्री करणार.

९ फेब्रुवारी
जागा बदलली. लंबू लगेच त्या बाजूला बघू लागला. परिस्थिती बदलली की जुळवून घेतो! शंका मिटली.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
बायकोने गाडी मध्येच कडेला घेतली. मी फक्त ‘क्लच’, ‘आरसा’ आणि ‘स्कूटर’ एवढंच म्हणत होतो. म्हणाली, एक तर तू चालव, नाहीतर मला चालवू दे. माझ्या पायाने तू किती वेळा ब्रेक दाबणार आहेस? हिला मदत आणि ढवळाढवळ यांतला फरक कळत नाही. उरलेला रस्ता दातावर दात दाबून बसलो. सुखरूप पोचलो. रहदारी कमी होती.

१३ फेब्रुवारी
बुटक्याला बाजूला घेऊन विचारलं, माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचत नाही का रे? म्हणाला, पोचतो की सर, समोरच्या टीमपर्यंतही पोचतो. बाकीची पोरं फिदीफिदी हसली. लंबू नाही हसला. आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. प्रगल्भता म्हणतात ती हीच.

१४ फेब्रुवारी
लंबूचं नाव दिलं. मोठ्या सरांनी विचारलं, तुमच्याशिवाय चालवेल ना हा? म्हटलं, डोळे झाकून. बुटका बेंचवर.
मग जेवण गेलं नाही. हे ‘तुमच्याशिवाय’ त्यांनी कुठून काढलं?

१८ फेब्रुवारी
उद्या मॅच. नोकरीच्या जाहिराती चाळल्या. शेहेचाळिसाव्या वर्षी, कडेला उभं राहण्याचा दांडगा अनुभव असलेला माणूस कुणालाच नको आहे. बायको म्हणाली, उद्या तोंडात सुपारी धर आणि गप्प बस. तिच्यापुढे हसलो.
संकल्प: उद्या खरोखर भिंत.

१९ फेब्रुवारी
रेफरीने दोनदा बजावलं की रेघ ओलांडू नका. ओलांडली नव्हती. पाय आत होते, बाकीचा मी थोडा पुढे होतो. तिसऱ्यांदा त्याने मला हॉलबाहेर काढलं.
दाराच्या काचेतून बघितलं. लंबू चेंडू आपटत उभा. माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. चौघं हात वर करून चेंडू मागत होते. शॉटसाठी मिळणारे चोवीस सेकंद शॉट न मारताच संपले, भोंगा वाजला, चेंडू समोरच्या टीमकडे. पुढच्या वेळीही तेच. काचेवर थापा मारल्या, डावीकडे, डावीकडे! आत काही ऐकू जात नव्हतं.
मोठ्या सरांनी बुटक्याला उतरवलं. त्याने कुणाकडेच न बघता पास दिला. बास्केट. मग आणखी. आम्ही जिंकलो. मला आनंद झाला असावा.

२० फेब्रुवारी
मोठ्या सरांनी बोलावलं. आज हसले नाहीत. मोसम संपेपर्यंत या, म्हणाले, पुढचं तुमचं तुम्ही बघा. लंबूलाही टीममधून कमी केलं.
संध्याकाळी लंबूचा फोन. सर, खेळ सोडू की दुसऱ्या क्लबात जाऊ? घशाशी आलेलं उत्तर गिळलं. म्हटलं, हे तुझं तू ठरव. अभिमान वाटला स्वतःचा.
तो अगदी हळू म्हणाला, म्हणजे कसं ठरवायचं, सर?
सांगायला बसलो. फोनची बॅटरी संपली तेव्हा निम्मंही झालं नव्हतं.