बाईंचा शुक्रवार

बाई,

"कुणी विचारलं कुठली, तर इथलीच म्हणायचं. पुढं एक शब्द बोलायचं न्हाई." पोरींनी 'तांडेवाली' म्हणून चिडवलं आणि मी रडत घरी आले, तेव्हा तुम्ही हे म्हणालात. अहो, मी खरंच इथलीच होते! आमचा तांडा वसमतपासून सायकलवर जाण्याइतका जवळ. शिकायला म्हणून तुमच्याकडे राहत होते, एवढंच. मग लपवायचं काय? तुमच्यावरचा माझा तो राग अजून गेलेला नाही.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तुम्ही स्वयंपाकघरात दोन दिवे लावायचात. एकदा शेजारच्या काकू दारातून डोकावल्या. "बाई, तुमचा बी शुक्रवार व्हय? मंग आंबट चालत नसंल." तुम्ही खुशाल "व्हय" म्हणालात! तेव्हापासून दर शुक्रवारी काकूंकडून गूळ-फुटाणे येऊ लागले आणि तुमची लाडकी चिंचेची चटणी त्या दिवशी बंद झाली. मी वैतागले. "खरं काहून सांगत न्हाई तुमी?" तुम्ही डाळ निवडत होतात. मान वर न करता सांगितलंत. तुम्ही दहा वर्षांच्या, दूर तिकडे जर्मनीत. ज्यू म्हणून गुरुजींनी वेगळ्या बाकावर बसवलं. जिवलग मैत्रीण रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. वडिलांचा दवाखाना लोकांनी फोडला. वडिलांना निजामाच्या मुलखात डॉक्टरची नोकरी मिळाली म्हणून तुम्ही दोघं जहाजात बसलात. आई म्हाताऱ्या आजीसाठी मागे थांबली, पुढच्या जहाजानं येते म्हणाली. ती आलीच नाही. दिवे तिचे; ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी लावतात, तसे ती लावायची. "आता हे कुणाला सांगू नको," म्हणालात, आणि डाळ धुवायला उठलात.

तुमच्या पश्चात आता, तुम्ही जिथं शिकवलंत त्या शाळेचं वाचनालय तुमच्या नावाचं होतंय. दगडावर कोरायचा मजकूर मला दाखवला: 'परदेशातून सेवेसाठी आलेल्या'. सेवेसाठी! दहा वर्षांचं लेकरू सेवेला आलं होतं का? मी हेडमास्तरांशी भांडले. "ताई, मंग काय कोरू? तुमीच सांगा की," ते म्हणाले. आणि मी तुमच्यामुळे तोंड मिटून बसले. तुमची आई आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, बाई. माझ्यामागे तीही संपेल.

कोरणाऱ्याला मी सोमवारपर्यंत थांबवलंय. हे पत्र कुठे टाकणार, ते तुम्हीच सांगा. खरं तर तुमच्या परवानगीवाचूनही मी हे करू शकते, पण मन धजत नाही. फक्त एवढं कोरू द्या: 'ज्यू म्हणून देश सोडावा लागलेली मुलगी. आई मागे राहिली.' तुम्ही नाहीच म्हणणार. तरी, एकदा हो म्हणा ना.