ट्रॉलीच्या फळ्या आणि माझा फॉर्म्युला

२० फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय कामाची नोंद पाहिजे.
ऊस कारखान्याला गेला, ट्रॉली मोकळी झाली. तळाच्या फळ्या कुजल्या होत्या. नानासो मिस्त्रीनं काल बाभळीच्या नव्या बसवल्या. बायको, म्हणजे राजेश्वरी, म्हणाली वरून पत्रा ठोका, कटकट मिटंल. मी साफ नाही म्हणालो. फळ्या मी घरच्या घरी टिकवणार, पंचवीस वर्षं. आर्मीत सतरा वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपला होतो. स्टोअरला होतो, पण वर्कशॉप ते वर्कशॉप.
नानासोचा सल्ला: जळकं ऑईल आणि डिझेल मारा, आठ दिवस उन्हात सोडा, बास. अडाणी उपाय. तुलनेसाठी मारून बघतो.

२२ फेब्रुवारी
ऑईल काल मारलं. आठ दिवस थांबायची गरज वाटली नाही. दुपारी वर चढून तपासणी केली. या टोकाला चढलो, त्या टोकाला उतरलो. मधे मला काही करावं लागलं नाही.
निष्कर्ष: ग्रिप कमी. पँट बाद.
राजेश्वरीनं विचारलं, लागलं का. म्हणालो, टेस्ट होती.

२४ फेब्रुवारी
ऑईल भुशानं पुसून काढलं. आता स्वतःचा फॉर्म्युला. जवसाचं तेल, राळ, थोडा चुना. कोरेगावच्या दुकानदारानं विचारलं, एवढी राळ कशाला. सांगितलं नाही. उद्या पेटंट घ्यायची वेळ आली तर?
घरात वेगळीच गडबड. राजेश्वरीच्या बचत गटाचा आठ मार्चला सत्कार. पंचायत समितीच्या सभापतीबाई येणार. अध्यक्ष म्हणून राजेश्वरीला बोलायचंय, आयुष्यात पहिल्यांदा. ती स्वयंपाकघरात भाषण पाठ करतेय, मी परसात राळ उकळतोय. तिला म्हणालो, जरा हळू म्हण, उकळीचा आवाज कळंना झालाय.

२६ फेब्रुवारी
मिश्रण फळीवर धरेना. काकवी घातली, तीन लिटर. ही कल्पना पूर्णपणे माझी, कुठंही वाचलेली नाही.
राजेश्वरी काकवीचा डबा शोधत होती. मीही तिच्याबरोबर शोधला.

१ मार्च
मुंग्या. लाल आणि काळ्या, दोन्ही. याचा अर्थ फॉर्म्युला नैसर्गिक आहे.
दुसऱ्या कोटात हिंग घातला. गटाची सेक्रेटरी लीलाबाई शेजारीच राहते. वाकून म्हणाली, आवं भावजी, लय झ्याक वास येतोय, आमटी टाकलीया काय.

४ मार्च
मुंग्या गेल्या. यश.
मंडपवाल्यानं ऐनवेळी हात वर केले, गटाला स्टेज नाही. मी ट्रॉली देऊ केली. राजेश्वरीनं विचारलं, वाळलीया का. व्हय म्हणालो. तिनं परत विचारलं. परत व्हय म्हणालो. दोनदा सांगितलेली गोष्ट खरीच असते.

७ मार्च, सकाळी ६
बोट लावून पाहिलं. काचेसारखं कडक. सभापतीबाईंना कार्यक्रमानंतर फॉर्म्युला समजावून सांगेन. तालुक्यातल्या सगळ्या ट्रॉल्यांचा प्रश्न आहे.

८ मार्च, संध्याकाळी
कार्यक्रम दहाचा. बाई आल्या बारा वाजता. शाळेच्या पटांगणात सावली नाही. तोवर ट्रॉली तापली.
दीप लावायला बाई उठल्या. पाय पुढं आला, चप्पल मागं राहिली. त्यांना सावरायला लीलाबाई धावली. तिच्या दोन्ही राहिल्या. खुर्च्या हलेनात. पटांगण हसायला लागलं, बाईसुद्धा हसल्या. राजेश्वरी हसली नाही. तिनं चपला काढल्या, पोतं टाकून त्यावर उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता माईक मागितला.
मी चपला सोडवायला घेतल्या. बाईंची एक, बाकीच्यांच्या अकरा. ट्रॉलीमागं बसून पाना आणि डिझेलनं सोडवत होतो. शेजारी जनरेटर. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या, बराच वेळ.
बाईंच्या चपलेचा तळ फळीलाच राहिला. पकड उत्तम, हे नोंदवतो.

९ मार्च
नानासो सकाळी पत्रा घेऊन आला. राजेश्वरीनं परस्पर बोलावलं. मी पत्र्याचं टोक धरलं.
दुपारी लीलाबाई म्हणाली, भाषणात तुमचं नाव घेतलं की वो. दोन डाव. माणसं रडली. विचारलं, काय म्हणाली? लीलाबाई म्हणाली, मला न्हाई तसं सांगता यायचं, तुमी ऐकाया पायजे व्हतं.
राजेश्वरीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, झालं ते झालं, आता काय आठवत न्हाई.
पंधरा दिवस घरात पाठ करत होती. मला एक वाक्यही आठवत नाही.