कापसाची खोली

१२ मार्च
प्रकाशा गावातली सभा जोरात झाली. पाऊण तास बोललो. "भाव येईपर्यंत मूठभर कापूसही घराबाहेर काढणार नाही." अख्ख्या मंडपाने हात वर केले. घरी आलो तर नात, अवनी, उंबऱ्यात बसून खोकत होती.

मधल्या खोलीत कापूस, दिवाळीपासून, आढ्यापर्यंत. खिडकी बंद, दव लागू नये, उंदीर शिरू नयेत. आम्ही सगळे झोपतो शेजारच्या खोलीत. मध्ये दार नाही, नुसता पडदा.

२० मार्च
अवनीच्या अंगाला खाज, छातीत शिट्टी. शहाद्याला डॉ.कडे. पहिलाच प्रश्न, "घरात कापूस भरलाय?" सून स्वाती खाली पाहत राहिली. मी म्हणालो, शेतकऱ्याच्या घरात कापूस नाही तर काय असणार? डॉ. हसले नाहीत. तोंडाने ओढायचा औषधाचा पंप दिला. "खोली रिकामी करा, मग औषध लागू पडेल."

स्वाती माझ्याशी थेट बोलत नाही. सासऱ्याला सांगायचं ते पोरीमार्फत. परतताना जीपमध्ये: "बेटा, आजोबाले इचार, तुन्हा खोकला भाषणमा येस का?"

२ एप्रिल
मुलगा विलास म्हणतो, कापूस मळ्यातल्या शेडमध्ये हलवू, वर ताडपत्री टाकू. मी नाही म्हणालो. त्याला चोरीची भीती सांगितली. खरं कारण इथे: माझ्या दारातून कापसाचा ट्रॅक्टर निघाला की गाव म्हणणार, आप्पांनी विकला. शेडमध्ये चाललाय हे कोणाकोणाला सांगत फिरू?

११ एप्रिल
कूलर लावला की कापूस दमट होतो, कुबट वास. बंद केला की पंख्याखाली कापसाचा बारीक तूस उडतो. ताटात, पाण्यात, पोरीच्या पापण्यांवर.

चुलीच्या धुराविरुद्ध गावोगाव बोललो. बायकांचे डोळे, फुप्फुसं, सगळं वाचून पाठ होतं. बोलणं सोपं गेलं. तो धूर दुसऱ्यांच्या घरातला होता.

१९ एप्रिल
गल्लीतल्या गोविंदभाईची खिडकी उघडी दिसली. पडदा हलत होता. म्हणजे विकला. ओट्यावरच गाठलं. हात वर करणाऱ्यांत तू पहिला होतास ना? तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, तुम्ही बोलतस तवय रगत तापस. सभामाईन घर उनूत का पोरं खोकतस." मी त्याला फितूर म्हणालो. त्याने पाणी विचारलं. मी घेतलं नाही.

पुढे गल्लीत आणखी खिडक्या उघड्या. खाली मान घालून आलो.

५ मे
काल दुपारी श्वास घेताना अवनीच्या बरगड्या आत जात होत्या. शहाद्याला दोन तास वाफ दिली. मी बाहेर बाकावर. एकाने ओळखलं, म्हणाला, "आप्पा, प्रकाशाले काय बोलनात तुम्ही!" मी उठून दुसऱ्या बाकावर बसलो.

आज स्वातीने बॅग भरली. सात वर्षांत प्रथमच सरळ माझ्याकडे पाहून बोलली. "आप्पा, हाई घर कापूसनं शे, मन्ही पोरनं नही. मी जास." पोरीला घेऊन माहेरी गेली, पुरुषोत्तमनगरला.

१६ मे
तिकडे पोरगी न खोकता झोपते. विलास जेवताना सांगतो, मला ऐकवायला. भाव होता तिथेच.

२४ मे
पाचला गावात सभा. भाषणाची टिपणं तयार. सकाळी विलासने ट्रॅक्टर दारात आणून लावला, किल्ली माझ्या वहीवर ठेवली आणि शेतात गेला.

दुपारी अवनीचा फोन. "आजोबा, खिडकी उघाडी का?"
म्हणालो, उघडतोच बेटा.

फोन ठेवून आत गेलो. कापसात गुडघ्यापर्यंत शिरलो, मग छातीपर्यंत. खिडकीच्या कडीला हात पोहोचत नाही. खोकत बाहेर आलो.

चार वाजून गेले. चौकात माईक तपासताहेत. किल्ली बाजूला सारून हे लिहितोय. सातला अवनी पुन्हा फोन करणार आहे, खिडकीचं विचारायला.