दातानं कुणी मरतं का

आबा, आधी एवढंच सांगते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. धाकटा बरा आहे. गळ्याला पट्टी आहे, आवाज अजून फाटका येतो, पण काल पेज प्यायला आणि पेज अळणी आहे म्हणून बायकोवर खेकसला. खेकसला म्हणजे सुधारला, तुमच्याच वळणावर गेलाय तो. मी भोरला माझ्या घरी परत आलेय. शिलाई मशीनपाशी ब्लाउजचा ढीग पडलाय, गिऱ्हाइकं दारात येऊन तोंड वाकडं करून जातायत, आणि मी तो ढीग बाजूला सारून तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मोजायचं मी कधीच सोडलं. पण गेल्या आठवड्यात वेल्ह्याकडच्या आपल्या खाचरात तुम्ही पुन्हा माझ्यासमोर उभे राहिलात, आणि तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

तुमचे दात म्हणजे आपल्या वाडीत कौतुकाचा विषय. अख्खी सुपारी तुम्ही दाताखाली फोडायचात. पोत्याची गाठ हातानं सुटली नाही की दाताला लावायचात. आई म्हणायची, "अवो, पडत्याल एक दिस सगळं," आणि तुम्ही मुद्दाम तिच्यासमोर अजून एक सुपारी तोंडात टाकायचात. अशा माणसानं दाढ दुखतेय हे सांगायचं कसं? तुम्ही सांगितलंच नाहीत. मला अजून दिसतं, तुम्ही चुलीपुढं बसलाय, गालात तंबाखूची चिमूट दाबून धरलीय आणि भाकरी दुधात कुस्करून एकाच बाजूनं चघळताय. आईला कळायचं ते कळलं. ती लवंग ठेचून आणते, कापसाच्या बोळ्यावर रुईचा चीक आणते. बरेच दिवस असे गेले, आणि मग एका सकाळी तुम्ही हसतच उठलात. "थांबली बग दुखायची. ग्येली पीडा." आईनं देवापुढं साखर ठेवली. मी शाळेत जाताना त्यातलीच चिमूटभर तोंडात टाकली होती.

लगेच आपल्या खाचरात सावड होती. आज एकाच्या रानात सगळ्यांनी मिळून भात लावायचं, उद्या दुसऱ्याच्या. त्यात आपल्या रानाच्या दिवशी आपणच घरी बसायचं, हे आपल्याकडं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. तुमच्या हनुवटीखाली सूज उतरली होती, तोंड धड उघडत नव्हतं, बोलणं जड झालं होतं. थुंकी गिळता येत नव्हती म्हणून तुम्ही सारखे बांधावर थुंकत होतात आणि लोकांना वाटत होतं तंबाखू खाल्लीय. आई दवाखान्याचं म्हणाली तर तुम्ही हातानंच "उद्या" म्हणून खूण केलीत. रोपांची शेवटची मूठ लावून झाली तेव्हा तुम्हाला श्वास घेववत नव्हता. मग कुठून तरी वडापची जीप आणली, धाकट्याला शेजारी ठेवलं आणि तुम्हाला घेऊन आम्ही पुण्याला निघालो. मार्गासनीच्या जरा पुढं, वाटेतच तुम्ही गेलात.

भेटायला येणारा जो तो विचारायचा, "काय झालं हुतं वो?" आई पहिल्यांदा खरं तेच बोलली. "दाढ सुजली हुती." मागं बसलेल्या कुणीतरी म्हटलं, "दातानं कुणी मरतं का?" आणि एकजण हसला. वाईट मनानं नाही हसला तो, विश्वास बसला नाही म्हणून हसला. पण आईनं ते हसू ऐकलं. सुपारी फोडणारा तिचा नवरा दाढेनं गेला, यात लोकांना हसण्यासारखं काही दिसावं हे तिला सोसवलं नाही. पुढच्या माणसाला तिनं सांगितलं, "ताप डोक्यात ग्येला." मग सगळ्यांना तेच. धाकट्याला तर काही आठवायचं वयच नव्हतं, तो तेच ऐकत मोठा झाला. त्यामुळं आपल्या घरात काय झालं बघा, कुणाचं अंग जरा गरम लागलं की सगळे दवाखान्यात धावायचे, आणि दाढ दुखली की लवंग.

मलाही पुरतं कळलं ते फार उशिरा. माझी दाढ ठणकायला लागली म्हणून भोरातल्या दातांच्या डॉक्टरकडं गेले. तरणी पोर, माझ्या लेकीएवढी. तिनं हत्यार तोंडात घालायच्या आतच मी रडायला लागले. तिला वाटलं घाबरले. मी म्हटलं, "माझे वडील दातानं गेले." ती हसली नाही, आबा. मास्क खाली ओढून स्टूल जवळ घेऊन बसली आणि सगळं विचारलं. मग तिनं सांगितलं की दाढेची नस मेली की दुखायचं थांबतं, पण आतला पू थांबत नाही, तो जबड्यातून गळ्यात उतरतो. नुसती दाढ दुखत असेल तर माझ्याकडं या, म्हणाली, पण सूज हनुवटीखाली उतरली, तोंड दोन बोटंही उघडेना, थुंकी गिळवेना, बोलणं बोबडं झालं, तर माझ्याकडंही येऊ नका. त्याच पावली मोठा दवाखाना, ऑपरेशनची सोय असेल तिथं. आणि अशा माणसाला आडवं करायचं नाही, बसवूनच न्यायचं, नाहीतर सुजलेली जीभ मागं पडते आणि श्वास कोंडतो. तिनं माझी दाढ वाचवली. मी घरी येऊन स्वयंपाक केला, आणि हे सगळं मनात तसंच ठेवून दिलं.

गेल्या आठवड्यात लावणीला म्हणून माहेरी गेले. आपल्याच खाचरात सावड होती. माणसं ओळीनं वाकलेली, पाठीवर प्लास्टिकचे कागद, आई बांधावर बसून रोपांच्या मुठी सुट्या करतेय. धाकटा चिखलातून ओरडला, "आक्के, कवा आलीस?" आणि मी जागच्या जागी थांबले. तोंडात गरम घास धरून बोलावं तसं ते बोलणं होतं. भावजय मात्र खुशीत. म्हणाली, "दाढंनं लई छळलं वो ह्यास्नी. गोळ्या झाल्या, मिठाचा शेक झाला. आता थांबलंय बगा दुखायचं." तेवढ्यात तो वळला आणि बांधावर थुंकला. हनुवटीखाली सूज होती. मी चप्पल काढून तशीच चिखलात उतरले.

"तोंड उघड," मी म्हटलं. तो म्हणाला, "म्या काय बैल हाय व्हय बाजारातला, दात बगायला?" सगळी ओळ हसली. मी हसले नाही तेव्हा त्यानं उघडून दाखवलं, जेमतेम एक बोट जाईल एवढं. गळ्याला हात लावला तर कडक लागला. "चल, आत्ताच्या आत्ता पुण्याला." तर तुमचा लेक काय म्हणावा? "खुळी का काय तू? समदी सावड माझ्या रानात, आन् म्या दाढंसाठी पुण्याला जाऊ? लोकं काय म्हनत्याल? उद्या जाऊ की." तो उद्या ऐकला आणि माझा ताबा सुटला. मी ओरडले, "आबा तापानं न्हाई ग्येलं! आबा दातानं ग्येलं. ह्याच खाचरात असंच थुकत हुतं, आन् उद्या जाऊ म्हनत हुतं!"

वाकलेली माणसं एकेक करून सरळ झाली. धाकट्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, तो आईकडं बघत होता. मला भीती वाटली की ती नाही म्हणेल. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट, ती एका ओरडण्यानं कशी सोडेल? तिनं हातातली मूठ खाली ठेवली. "व्हय," ती म्हणाली. "खरं हाय. दातानंच ग्येलं त्ये. लोकं हसली म्हनून म्या ताप सांगितला. आता हसू द्या कुनाला हसायचं त्ये." कुणी हसलं नाही. ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "जा रं बाबा. तुजं रान आमी लावतो. हातपाय धूत बसू नगंस, चिखलासकट जा."

शेजाऱ्याचा टेम्पो मिळाला. पुढच्या बाकावर एका बाजूला आई, एका बाजूला मी, मधे धाकटा. त्याला ग्लानी येत होती, तो सारखा आईच्या खांद्यावर कलायचा, जरा आडवं होऊ दे म्हणून खुणा करायचा, आणि मी त्याला दंडाला धरून पुन्हा पुढं वाकून बसवायची. नसरापूरला हायवेला लागलो तेव्हा त्याच्या ओठांतून लाळ गळत होती आणि श्वासाचा आवाज येत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून तो आवाजच ऐकत बसले होते. मार्गासनी कधी गेलं ते मी बघितलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं एकदाच गळ्याला हात लावला आणि चिखलाच्या पायांनीच त्याला आत नेलं. हनुवटीखाली छेद देऊन पू काढला, नळी घातली, दाढ उपटली. बाहेर येऊन म्हणाला, वेळेत आणलंत, संध्याकाळ झाली असती तर काही सांगता आलं नसतं. आई त्याच्या पाया पडायला वाकली. डॉक्टर बिचारा ओशाळला.

आबा, मी तुमच्यावर फार वर्षं रागावलेली होते. दवाखान्यात बसल्या बसल्या तो राग गेला. तुम्हाला कुठं माहीत होतं? दुखायचं थांबल्यावर कुणाला आनंद होणार नाही?

दुसऱ्या दिवशी आई आणि मी व्हरांड्यात चहा पीत बसलो होतो. धाकट्याला शुद्ध आली होती, मागाहून आलेली सून आत त्याच्यापाशी होती. आईनं अर्धा कप संपवला. मग म्हणाली, "वाटंत तो आडवा व्हतो म्हनत हुता. तू एकदाबी हू दिलं न्हाईस. का गं?"

जीपच्या मागच्या बाकावर तुमचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आबा. तुम्ही सारखे उठून बसायला धडपडत होतात. आणि ती कपाळावरून हात फिरवत, "पडून ऱ्हावा, आलंच पुनं," म्हणत तुम्हाला पुन्हा पुन्हा निजवत होती. तिच्याइतक्या मायेनं तुम्हाला कुणी कधी धरलं नसेल.

मी चहावर फुंकर घातली. म्हटलं, "टेम्पोत आडवं व्हायला जागा कुठं हुती, आये?"

"व्हय, त्ये बी हाय," ती म्हणाली, आणि कप घेऊन उठली.

हा कागद मी कुणाच्या हाती लागू देणार नाही. मी तिच्याशी खोटं बोलले, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन. ती तुमच्याकडं येईल तेव्हा तुम्हीही तिला सांगू नका.