सोळा वर्षे "रिकामी" असल्याचा खुलासा

प्रति,
मा. प्राचार्य तथा अध्यक्ष, प्रवेश छाननी समिती,
सेवाव्रत परिचर्या विद्यालय,
आळेफाटा, ता. जुन्नर, जि. पुणे.

अर्जदार : श्रीमती आरती भरत बोऱ्हाडे, वय ३४, रा. माळवाडी, पो. शिनोली, ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : खंड प्रतिज्ञापत्रातील "घरी रिकामी होते" या शब्दांबाबत खुलासा सादर करून जीएनएम प्रथम वर्षाचा प्रवेश कायम ठेवण्याची विनंती.

संदर्भ : आपले त्रुटीपत्र दि. ६ ऑक्टोबर २०२५. (मुदत : १५ ऑक्टोबर, सायंकाळी पाचपर्यंत.)

महोदय,

वरील विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जात "मी" लिहायचे नसते, "अर्जदार" लिहायचे असते, असे घोडेगाव येथील टंकलेखक दादाभाऊ यांनी सांगितले. त्याप्रमाणे लिहिले आहे. अर्जदारास ते बरेही पडले. दुसऱ्या कुणाबद्दल लिहावे तसे लिहिता येते आणि हात थांबत नाही.

१. अर्जदार सन २००९ मध्ये बारावी विज्ञान शाखेतून एकसष्ट टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली. परीक्षा मार्चमध्ये संपली, लग्न मे महिन्यात झाले आणि निकाल जूनमध्ये लागला. पेढे माहेरी वाटले गेले. अर्जदारास निकाल सासरी भाकऱ्या थापताना समजला आणि तिने पुढची भाकरी थापली. ती गुणपत्रिका पेटीत साड्यांच्या खाली राहिली. चालू वर्षी मुलगी स्नेहल, इयत्ता दहावी, हिने ती बाहेर काढली आणि मोबाईलवर आपल्या विद्यालयाचा अर्ज भरला. साठ जागांच्या यादीत अर्जदाराचे नाव त्रेचाळिसावे लागले. एवढ्यावर हे प्रकरण मिटायला हवे होते.

२. कागदपत्रांत खंड प्रतिज्ञापत्र मागितले होते, ज्याला सगळे गॅपचा कागद म्हणतात. तो करण्यासाठी अर्जदार घोडेगावला गेली. दादाभाऊ यांनी विचारले, "ताई, सोळा वर्षं काय करत व्हता?" अर्जदाराने सांगितले, "घरीच व्हते." त्यांनी पुन्हा विचारले, "नोकरी?" न्हाई. "शिक्षण?" न्हाई. "धंदा?" न्हाई. तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी रिकामीच की," आणि तसे टाईप केले : "सदर कालावधीत मी घरी रिकामी होते." अर्जदाराने वाचून सही केली. तिला त्यात काही खटकले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

३. दिनांक ६ ऑक्टोबर रोजी आपल्या कार्यालयात छाननी होती. शिनोलीहून घोडेगाव, मंचर, नारायणगाव असे गाड्या बदलत अर्जदार वेळेआधी पोहोचली. बाकावर अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली होत्या. त्यांतील एकीने अर्जदारास "काकू, तुमची मुलगी कुठंय?" असे विचारले, ते मनात काही वाईट नसताना विचारले. त्यानंतर आपले लिपिक श्री. कुंडलिक यांनी कागद तपासताना मोठ्याने वाचले, "घरी रिकामी," आणि म्हणाले, "बाई, सोळा वर्षं रिकाम्या? सोळा वर्षांत मानूस म्हातारं व्हतंय." मुली हसल्या. श्री. कुंडलिक यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. जे लिहिले होते तेच त्यांनी वाचले. मात्र त्या वेळी लाज वाटली, हे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण त्याआधी पुष्कळ दिवस अर्जदारास काहीच वाटले नव्हते.

४. त्याच दिवशी त्रुटीपत्र मिळाले. त्यात नमूद आहे की, उमेदवार सोळा वर्षे रिकामी असल्याचे स्वतःच शपथेवर सांगते, सबब खंडाचे समाधानकारक कारण पुराव्यासह द्यावे, अन्यथा जागा प्रतीक्षायादीतील पुढील उमेदवारास देण्यात येईल. येथे अर्जदार नम्रपणे लक्षात आणून देते की, ३१ डिसेंबर रोजी तिचे वय चौतीस वर्षे अकरा महिने भरते. पुढल्या वर्षी ती पस्तिशीच्या मर्यादेबाहेर जाते. त्यामुळे "पुढच्या वर्षी नीट कागद करून या" हा श्री. कुंडलिक यांचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी उपयोगाचा नाही. जागा मिळाली तर ती याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

५. पुराव्यासाठी अर्जदार प्रथम गावच्या कार्यालयात गेली. तेथे रहिवासाचा दाखला मिळतो, हयातीचा मिळतो, घरात शौचालय असल्याचा मिळतो. बाई घरात काय करत होती याचा दाखला देण्याची तरतूद नाही, असे सांगण्यात आले, आणि ते बरोबरच आहे. त्यानंतर अर्जदार परत दादाभाऊंकडे गेली आणि शब्द बदलून नवे प्रतिज्ञापत्र करून द्या म्हणाली. त्यांनी चष्मा काढला. "ताई, एकदा शपथेवर रिकामी म्हणला. आता शपथेवर कामात व्हते म्हणला, तर दोन्हीतलं एक खोटं ठरतंय. खोट्या शपथेला शिक्षा हाय. लिहू का?" अर्जदार म्हणाली, नको. अशा रीतीने रिकामी असल्याचे कारण देता येत नाही आणि रिकामी नसल्याचे सांगता येत नाही. दादाभाऊंनी मग चहा सांगितला, कारण चूक त्यांची होती हे त्यांना कळले होते. त्यांनीच हा अर्ज करायला सुचवले.

६. सबब वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे. सासरे कै. संपत बोऱ्हाडे यांना ऑगस्ट २०१० मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. त्या वेळी स्नेहल दोन महिन्यांची होती. पाच वर्षे तीन महिने ते अंथरुणावर होते. नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची हे दवाखान्यातील सिस्टरांनी अर्जदारास एकदा दाखवले, नंतर दाखवावे लागले नाही. सासूबाई कै. कुशाबाई यांचा पाय २०१६ मध्ये साखरेमुळे गुडघ्याखाली काढावा लागला. इन्सुलिन, जखमेची पट्टी, रोजची साखर तपासणे हे पाच वर्षे अर्जदाराकडे होते. सासूबाई नसलेला पाय खाजतो म्हणायच्या. अर्जदार पायाच्या मोकळ्या जागी चादर खाजवायची आणि त्यांना बरे वाटायचे. हे कोणत्या पुस्तकात आहे की नाही, ते माहीत नाही. पती कै. भरत यांचे मूत्रपिंड २०२१ मध्ये निकामी झाले. मंचरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पाणी मापून देणे, वजन लिहून ठेवणे, सूज पाहणे. दिनांक ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी ते वारले.

७. वरील तिघेही सध्या हयात नसल्याने त्यांच्या सह्या घेता आल्या नाहीत. त्याऐवजी तिघांचे मृत्यू दाखले सोबत जोडले आहेत. हे दाखले चालतील का असे अर्जदाराने आधी विचारले असता श्री. कुंडलिक यांनी फोनवर अशी शंका काढली की, "बाई, ह्ये तिघंबी गेले की वो. याच्यावरनं तुमचं काम चांगलं व्हतं कसं म्हनायचं?" शंका रास्त आहे. अर्जदाराचे म्हणणे एवढेच की, ते तिघे आपापल्या आजाराने गेले. अंथरुणाने पाठ सोलून कुणी गेले नाही. दर दोन तासांनी कूस बदलली की पाठ सोलत नाही. चौदा वर्षांहून जास्त काळ तीन माणसे अंथरुणावर होती आणि त्यांच्या अंगावर एकही जखम अंथरुणाने झालेली नव्हती. मृत्यू दाखल्यावर त्यासाठी रकाना नाही.

८. एक साक्षीदार हयात आहे. शेजारच्या बयाबाई, वय अंदाजे ब्याऐंशी. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा दोन महिने अर्जदार रोज सकाळ-दुपार त्यांच्याकडे जात होती. त्यांचा जबाब घेण्यासाठी स्नेहलने वही नेली. बयाबाई म्हणाल्या, "तिनी केलं की. लई केलं. माझी घाणबी काढली पोरीनं. न्हाई कशाला म्हनू? ती रिकामीच व्हती घरी, म्हनून यायची." स्नेहल म्हणाली, "आजी, रिकामी म्हणू नका." तर त्या म्हणाल्या, "मंग काय म्हनू? कामात असती तर आली असती व्हय?" जबाब शब्दशः घेतला आहे. त्यावर त्यांचा अंगठा आहे. तो अर्जदाराच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे समितीने ठरवावे.

९. आता अर्जदारास तो शब्द का खटकला नाही, ते सांगते. हा शब्द तिच्या पतीचा होता. गावात कुणाला सलाईन लावलेले असो, कुणाची सून अडलेली असो, एसटी स्टँडवर भरत लोकांना म्हणायचे, "आमच्या आरतीला न्या की राव. ती घरी रिकामीच असती." ते अभिमानाने म्हणायचे. घरात एक माणूस अंथरुणावर असताना म्हणायचे. पुढे स्वतः अंथरुणावर पडल्यावरही म्हणाले. आमच्याकडे रिकामी म्हणजे काम नसलेली नव्हे, हाक मारली की येणारी. अर्जदार सोळा वर्षे त्याच अर्थाने रिकामी होती, आणि त्या अर्थाने तिने सही केली. आपल्या कार्यालयात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे हे तिला ६ ऑक्टोबरला कळले.

१०. छाननीच्याच दिवशी झालेल्या मुलाखतीबाबतही खुलासा करणे भाग आहे. "परिचारिका का व्हावेसे वाटते?" या प्रश्नाला इतर मुलींनी सेवेची आवड असे उत्तर दिले. अर्जदार म्हणाली, "आवड न्हाई. येतं." त्यापुढे आपल्या समितीने "प्रेरणा असमाधानकारक" असा शेरा मारल्याचे समजते. शेरा बदलावा अशी विनंती नाही. पती वारले त्या दिवशी अर्जदाराने त्यांचे डोळे मिटले, हनुवटी बांधली, नळ्या काढल्या, अंग पुसले, चादर बदलली आणि मग बाहेर येऊन सांगितले. तेव्हा तिला काही वाटले नाही. दहाव्याला वाटले नाही, तेराव्याला वाटले नाही. बायका म्हणाल्या, "रड गं, मोकळी व्हशील." रडू आले नाही. ही बाब परिचर्येच्या दृष्टीने दोष असल्यास समितीने तसे कळवावे. अर्जदाराच्या मते आजारी माणसाला रडणारी बाई फार उपयोगाची नसते, परंतु ती अद्याप प्रशिक्षित नाही.

११. एक गोष्ट मात्र होते. सकाळी दहा वाजता अर्जदार हातातले काम टाकून उठते आणि मधल्या खोलीत जाते. बारा वाजता जाते. दोन वाजता जाते. कूस बदलायची वेळ झालेली असते. खोलीत कॉट नाही, ती ज्यांची होती त्यांना परत दिली. अर्जदार तिथे थोडा वेळ उभी राहते आणि परत येते. कुणी हाक मारत नाही. भरत गेल्यापासून गावातूनही कुणी बोलवायला येत नाही, कारण दुःखातल्या घरी काम कसे सांगायचे, असे लोकांना वाटते. लोकांचे चुकत नाही. स्नेहल शाळेत असते. आठ महिने हे असेच चालले आहे. स्नेहलने अर्ज भरला तो आईने शिकावे म्हणून नव्हे. एकदा ती शाळेतून लवकर आली आणि तिने अर्जदारास त्या खोलीत उभे असलेले पाहिले, म्हणून भरला.

१२. यावरून समितीच्या लक्षात येईल की, प्रतिज्ञापत्रातील शब्द खोटा नाही. फक्त त्याचा कालावधी चुकला आहे. आपल्या कार्यालयाच्या अर्थाने अर्जदार मे २००९ पासून रिकामी नव्हती. ती ११ फेब्रुवारी २०२५ पासून रिकामी आहे. त्यामुळे शब्द खोडावा अशी विनंती नाही, नवी शपथ घेण्याचीही गरज नाही. सोबतच्या तक्त्याप्रमाणे तारखा दुरुस्त कराव्यात, एवढीच विनंती आहे. तक्ता अर्जदाराने स्वहस्ते लिहिला आहे. शेवटच्या ओळीत एक जागा कोरी आहे. ती नजरचुकीने राहिलेली नाही. ती तारीख अर्जदारास माहीत नाही. ती समितीने आपल्या शाईने भरावी.

तरी मुदतीपूर्वी निर्णय व्हावा. उत्तर होय असो वा नाही, फोन दिवसा कधीही करावा. अर्जदार घरीच असते.

आपली विनीत,
(सही) आरती भरत बोऱ्हाडे
माळवाडी, दि. १३ ऑक्टोबर २०२५

सोबत :
(१) त्रुटीपत्राची प्रत.
(२) मृत्यू दाखले, तीन.
(३) बयाबाई यांचा जबाब, डाव्या अंगठ्यासह.
(४) दुरुस्त तक्ता, पुढीलप्रमाणे :

मे २००९ ते ऑगस्ट २०१० : नवी सून. बाळंतपण.
ऑगस्ट २०१० ते नोव्हेंबर २०१५ : सासरे.
डिसेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ : बयाबाई.
फेब्रुवारी २०१६ ते मार्च २०२१ : सासूबाई.
एप्रिल २०२१ ते ११ फेब्रुवारी २०२५, सकाळ : भरत.
११ फेब्रुवारी २०२५ पासून .................... पर्यंत : रिकामी.